नावाआधीचं टिंब

रेडिओवर बोलणाऱ्याला टिंब उच्चारता येत नाही. समोरच्या कागदावर ‘डॉ.’ असं लिहिलेलं असलं तरी निवेदक ‘डॉक्टर’ असंच म्हणतो. ‘प्रा.’चा प्राध्यापक होतो, ‘न्या.’चे न्यायमूर्ती होतात. ‘ह.भ.प.’सारखं एखादंच लघुरूप असं, की ते बोलतानाही ‘हभप’ असंच राहतं. एरवी ही सगळी तोडलेली अक्षरं डोळ्यांसाठी आहेत, कानांसाठी नाहीत. ती दिसतात दवाखान्याच्या पाटीवर, वकिलाच्या लेटरहेडवर, लग्नाच्या पत्रिकेत आणि निवडणुकीच्या फलकावर. आपण ती दिवसातून कितीदा तरी वाचतो आणि पुढे जातो.

पण एखादा शब्द तोडून लिहिता येतो, तो कधी? वाचणाऱ्याला उरलेला भाग आधीच ठाऊक असतो तेव्हा. ‘डॉ.’ लिहिलं की पुढचं ‘क्टर’ वाचणाऱ्यानं मनात भरायचं असतं. ज्या कामाला समाजानं मान दिला, ज्याची ओळख घरोघरी पोचली, त्याच कामाचं नाव असं तोडता येतं. म्हणून एखाद्या भाषेत कोणकोणत्या व्यवसायांना लघुरूप मिळालं हे पाहिलं, की त्या समाजानं कुणाला पाट मांडला आणि कुणाला ओसरीवर बसवलं, हे कळतं.

ही चाल जुनी आहे. रोमन नाण्यांवर जागा बोटभर आणि सम्राटाच्या पदव्या हातभर. तेव्हा टाकसाळीनं पदव्याच तोडल्या. मुख्य धर्माधिकारी म्हणजे ‘पाँटिफेक्स मॅक्सिमस’. त्याची ‘पी’ आणि ‘एम’ ही दोनच अक्षरं. ‘कॉन्सुल’ या पदाची ‘सी-ओ-एस’ ही तीन. अनेकवचन दाखवायचं तर रोमन लोक शेवटचं अक्षर पुन्हा लिहीत. ‘ऑगस्टस’ या बिरुदाच्या लघुरूपात ‘जी’ हे अक्षर एकदा आलं तर सम्राट एक. दोनदा आलं तर दोघे मिळून राज्य करताहेत. तीनदा आलं तर तिघे.

ही दोन हजार वर्षांपूर्वीची युक्ती आपल्या गल्लीतल्या वकिलाच्या पाटीवर आजही आहे. ‘एलएल.बी.’ या पदवीत ‘एल’ दोनदा का येतो? लॅटिनमध्ये कायद्याला ‘लेक्स’ म्हणतात आणि ‘कायद्यांचा’ या अनेकवचनाला ‘लेगुम’. अनेकवचन म्हणून ‘एल’ दोनदा. म्हणजे ही पदवी कायद्याची नाही, कायद्यांची आहे. त्या दोन ‘एल’ मिळून एकच शब्द होत असल्यामुळे त्यांच्यामध्ये टिंब देऊ नये. आपल्याकडे बहुतेक पाट्यांवर ते दिलेलं असतं, ही गोष्ट वेगळी.

आता ‘डॉक्टर’ या शब्दाकडे येऊ. लॅटिनमध्ये ‘डोकेरे’ म्हणजे शिकवणं. डॉक्टर म्हणजे शिकवणारा, आपल्या भाषेत आचार्य. मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस अशा ठिकाणी विद्यापीठं उभी राहिली. तिथं धर्मशास्त्र, कायदा किंवा वैद्यक यांचा अभ्यास पुरा करणाऱ्याला शिकवण्याचा परवाना मिळे आणि तो डॉक्टर होई. तिघांमधला वैद्यकाचा डॉक्टर तेवढा लोकांच्या घरी जाई, नाडी पाही, औषध देई. धर्मशास्त्राच्या डॉक्टरशी सामान्य माणसाची गाठ पडायची ती क्वचित. हळूहळू शिकवणाऱ्याचं नाव बरं करणाऱ्याला चिकटलं, आणि ते मूळचं त्याचंच असं लोकांना वाटू लागलं. आज एखादे मराठीचे प्राध्यापक पीएच.डी. झाले की शेजारी थट्टेनं विचारतात, ‘मग आता इंजेक्शन देणार का?’ शब्दाच्या इतिहासाप्रमाणे पाहिलं तर ही थट्टा उलट्या दिशेनं व्हायला हवी.

अर्थात प्राध्यापकांनीही फार ताठ होण्याचं कारण नाही. आज आपल्याला माहीत असलेली संशोधनाची पीएच.डी. जर्मन विद्यापीठांत घडली. अमेरिकेत येल विद्यापीठानं ती प्रथम दिली १८६१ साली. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डनं तशी पदवी सुरू केली थेट १९१७ साली. त्याच्या कितीतरी आधीपासून इंग्रज माणूस आपल्या वैद्याला डॉक्टर म्हणत होता.

मात्र सगळ्याच वैद्यांना नाही. इंग्लंडमध्ये औषध देणारा फिजिशियन विद्यापीठात शिकलेला असे. शस्त्रक्रिया करणारा सर्जन मात्र उमेदवारी करून, हाताखाली राहून शिके. त्याची गणना न्हाव्यांबरोबर होई. आठव्या हेन्री राजाच्या काळात, १५४० साली, लंडनचे न्हावी आणि सर्जन यांचा एकच संघ झाला. दाढी करणारा वस्तरा आणि गळू फोडणारा वस्तरा एकाच पेटीत! हे दोघे वेगळे झाले १७४५ साली आणि सर्जनांचं रॉयल कॉलेज लंडनला स्थापन झालं १८०० साली. विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सर्जन हा साधा ‘मिस्टर’ होता. पुढे सर्जनही वैद्यकाची पदवी घेऊ लागले, शस्त्रक्रियेला प्रतिष्ठा आली, तरी त्यांनी ‘मिस्टर’ सोडलं नाही. एकेकाळी जो कमीपणा होता तो अभिमान झाला. आजही ब्रिटनमध्ये वैद्यकाचं शिक्षण संपलं की माणूस ‘डॉ.’ होतो आणि सर्जन होण्याची परीक्षा पास झाला की पुन्हा ‘मि.’ होतो. बाई असेल तर ‘मिस’ किंवा ‘मिसेस’.

या जुन्या भांडणाची सही आपल्या ‘एम.बी.बी.एस.’वर आहे. त्यात दोन पदव्या आहेत. ‘एम.बी.’ ही वैद्यकाची, ‘बी.एस.’ ही शस्त्रक्रियेची. आणि दोन्ही बॅचलरच्या आहेत. म्हणजे एम.बी.बी.एस. झालेल्यांच्या नावाआधी लागणारं ‘डॉ.’ हे विद्यापीठानं दिलेलं नसतं. ते रूढीनं आणि लोकांनी दिलेलं असतं. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. तिथून १८५१ साली पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी लाड होते. या मंडळींची पदवी होती ‘जी.जी.एम.सी.’, म्हणजे ग्रॅज्युएट ऑफ ग्रँट मेडिकल कॉलेज. मुंबई विद्यापीठ तेव्हा जन्मायचं होतं. पुढे ‘एल.एम. अँड एस.’ आलं, मग ‘एल.सी.पी.एस.’ आलं. जुन्या गावांतल्या दवाखान्यांच्या लाकडी पाट्यांवर ही अक्षरं अनेकांनी पाहिली असतील. नावामागची अक्षरं बदलत गेली. नावापुढचं ‘डॉ.’ मात्र सगळ्यांना सारखंच लागलं.

इथं टिंबाबद्दल थोडं बोलू. मोडी कागदपत्रांत शब्द तोडायची पद्धत होतीच. परगणे लिहायचं तर ‘प’ काढून पुढे उभे दंड देत. पत्रात ‘सा. न. वि. वि.’ म्हणजे साष्टांग नमस्कार विनंती विशेष, आणि नावाआधी ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजेश्री. विरामचिन्हं मात्र आपल्याकडे इंग्रजीच्या वळणानं आली; ती मराठीत रुजवण्याचं श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिलं जातं. टिंब आलं ते त्यांच्याबरोबर.

या टिंबाचंही देशोदेशी वेगळं शास्त्र आहे. ब्रिटनमध्ये आणि पोलंडमध्ये ‘डॉक्टर’चं लघुरूप ‘डी’ आणि ‘आर’ या दोन अक्षरांचं. त्यात शब्दाचं शेवटचं अक्षर आलेलं असल्यामुळे पुढे टिंब देत नाहीत. ‘प्रोफेसर’चं ‘प्रोफ’ होतं, तिथं शब्दाची शेपटी तुटलेली, म्हणून टिंब द्यायचं. अमेरिकन माणूस दोन्हीकडे टिंब देतो. अरबीत ‘दाल’ हे एक अक्षर लिहून टिंब दिलं की डॉक्टर झाला, ‘मीम’ लिहून टिंब दिलं की मुहंदिस, म्हणजे इंजिनीअर. आपण अक्षराच्या हिशेबानं तोडतो, ‘डॉ.’, ‘बॅ.’, ‘ॲड.’. गंमत म्हणजे या तिन्हींच्या डोक्यावर चंद्र आहे. जुन्या मराठीला या स्वरांची गरज नव्हती. इंग्रजी शब्द लिहिण्यासाठी आपण ते चिन्ह वापरात आणलं. परक्या कचेरीतून आलेला मान परक्या स्वरातच लिहिला गेला.

वैद्य हा आपला शब्द. पण तो सहसा पूर्णच लिहितात. ‘वै.’ असं लिहावं, तर वारकऱ्यांच्या परंपरेत त्याचा अर्थ वैकुंठवासी असा होतो. जिवंत वैद्याच्या नावाआधी ते लावलं तर रोगी दारातूनच परत जायचा!

प्रत्येक देशाचा मान कुणीकडे झुकतो, हे आता पाहू. इटलीत विद्यापीठाची पदवी घेतलेला कुणीही ‘दोत्तोरे’ होतो. तीन वर्षांच्या पदवीलाही हा मान मिळतो. शिवाय इंजिनीअरला ‘इंज.’, वकिलाला ‘अव्व.’, हिशेबनिसाला ‘राज.’, जमीन मोजणाऱ्या सर्वेअरला ‘जेओम.’. हाका मारतानाही व्यवसायाच्या नावानंच मारतात. फियाट कंपनीचे जान्नी अन्येल्ली यांना सारा देश ‘लाव्होकातो’, म्हणजे वकीलसाहेब म्हणे. ते कायद्याचे पदवीधर होते, पण वकिली त्यांनी कधी केली नाही.

जर्मनीत तऱ्हा निराळी. तिथं प्रबंध लिहून डॉक्टरेट मिळवलेला माणूसच ‘डॉ.’ लावू शकतो, मग तो वैद्य असो की रसायनशास्त्रज्ञ. प्रबंध न लिहिलेला वैद्य हा नुसता ‘आर्त्स्ट’, म्हणजे वैद्य. रोगी त्याला ‘हेर डॉक्टर’ म्हणतात, पण पाटीवर त्याला ते लावता येत नाही. पदवी रीतसर असेल तर पासपोर्टवर ‘डॉ.’ छापून घेता येतं. पदवी नसताना लावलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. या कडकपणाची गंमत २००८ साली झाली. अमेरिकन विद्यापीठांतून पीएच.डी. घेऊन जर्मनीत काम करणारे काही संशोधक नावाआधी ‘डॉ.’ लावतात म्हणून त्यांची पोलीस चौकशी सुरू झाली. कायदा १९३९ सालचा, हिटलरच्या काळातला. नंतर ही अडचण दूर करण्यात आली.

चेक भाषेनं आणखी एक पायरी गाठली. तिथं एकाच ‘डॉ.’वर भागवत नाहीत. वैद्यकाच्या डॉक्टरचं लघुरूप ‘एम-यू-डी-आर’, जनावरांच्या डॉक्टरचं ‘एम-व्ही-डी-आर’, कायद्याच्या डॉक्टरचं ‘जे-यू-डी-आर’. पाटी वाचली की कळतं, इथं ताप घेऊन जायचं, गाय घेऊन जायचं की जमिनीचा तंटा घेऊन जायचं. हा मुद्दा लक्षात ठेवा. आपल्याला त्याच्याकडे परत यायचं आहे.

या मध्य युरोपात व्यावसायिक पदव्यांना एवढं वजन येण्यामागे एक राजकीय घटनाही आहे. पहिलं महायुद्ध संपलं, ऑस्ट्रिया-हंगेरीचं साम्राज्य कोसळलं. चेकोस्लोव्हाकियानं डिसेंबर १९१८ मध्ये सरदारकीच्या पदव्या रद्द केल्या आणि ऑस्ट्रियानं एप्रिल १९१९ मध्ये. काउंट, बॅरन आणि नावातला ‘फॉन’ गेला. मान देण्याची सवय मात्र कायद्यानं जात नाही. ती शिकून मिळवलेल्या पदव्यांकडे वळली.

आपल्याकडे असंच घडलं. राज्यघटनेचं १८वं कलम सांगतं, की लष्करी किंवा विद्याविषयक बहुमान सोडून सरकार कुणालाही किताब देणार नाही. या एका वाक्यानं ‘रा. ब.’ आणि ‘रा. सा.’ ही लघुरूपं इतिहासात गेली. इतिहाससंशोधक दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या नावाआधी जुन्या पुस्तकांत ‘रा. ब.’ दिसतं. आजचा विद्यार्थी ती त्यांच्या नावाची आद्याक्षरं समजतो. रावबहादूर हा शब्द त्याला सुचतच नाही. वाचणाऱ्याला उरलेला भाग आठवेनासा झाला की लघुरूप मेलं.

वकिलांची गोष्टही अशीच. पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारात आपली बाजू मांडणारा राजदूत. इंग्रजी अमलात तो कोर्टात आला, आणि त्याचे नाना प्रकार झाले. हायकोर्टाचे वकील, जिल्ह्याचे प्लीडर, मुखत्यार, आणि सगळ्यांच्या वर विलायतेहून आलेले बॅरिस्टर. ‘बॅ.’ या अक्षरामागे बोटीचं भाडं, लंडनमधली वर्षं आणि तिथल्या ‘इन’मध्ये नेमाने घेतलेली जेवणं एवढं सगळं होतं. ही अक्षरं देणारा ती काढूनही घेऊ शके. मोहनदास गांधी १८९१ साली ‘इनर टेंपल’मधून बॅरिस्टर झाले, १९२२ साली राजद्रोहाची शिक्षा झाल्यावर त्याच संस्थेनं त्यांचं नाव काढून टाकलं आणि १९८८ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी, ते पुन्हा दाखल केलं. १९६१ सालच्या ॲडव्होकेट्स ॲक्टनं हे सगळे थर मिटवून एकच वर्ग ठेवला, ॲडव्होकेट. ‘बॅ.’ मागे पडलं, ‘ॲड.’ पुढे आलं. बॅ. नाथ पै यांच्या पिढीबरोबर ते अक्षर जवळजवळ संपलं.

‘प्रो.’चं ‘प्रा.’ होणं ही भाषेची गोष्ट आहे. जुन्या मासिकांत ‘प्रो. फडके’ असा उल्लेख असे. भाषाशुद्धीच्या चळवळीत ‘प्राध्यापक’ हा शब्द पुढे आला. त्याचं श्रेय सावरकरांना दिलं जातं. पहिलं अक्षर जवळपास तेच राहिल्यामुळे तो शब्द पटकन रुळला असावा. फक्त मात्रा बदलायची होती.

हे फक्त आपलंच दुखणं किंवा आपलंच वैभव नाही. इंडोनेशियावर डचांचं राज्य होतं, म्हणून तिथं डच लघुरूपं गेली. त्या देशाचे पहिले अध्यक्ष सुकार्नो बांडुंगच्या तंत्रशिक्षण महाविद्यालयातून १९२६ साली इंजिनीअर झाले. त्यांच्या नावाआधी ‘इर.’ लागे. उपाध्यक्ष हट्टा यांच्या नावाआधी ‘डीआरएस.’, म्हणजे ‘डॉक्टोरांडुस’, ज्याची डॉक्टरेट व्हायची आहे असा. आणि त्या काळच्या इंडोनेशियन पुढाऱ्यांच्या नावाआधी ‘एम-आर’ ही अक्षरं दिसली तर फसू नका. ते ‘मिस्टर’ नव्हे, डच ‘मेस्टर’ आहे. म्हणजे कायद्याचा पदवीधर. तीच दोन अक्षरं लंडनमध्ये कुणाही गृहस्थाची आणि जाकार्तात वकिलाची. पुढे इंडोनेशियानंही आपल्या भाषेतली लघुरूपं केली. आता तिथं कायद्याच्या पदवीधराच्या नावामागे ‘एस.एच.’ येतं, ‘सारजाना हुकुम’.

महाराष्ट्रात ‘डॉ.’ या अक्षराला जे वजन आलं त्यात एका नावाचा वाटा मोठा आहे. भीमराव रामजी आंबेडकर यांनी लंडनची डी.एस्सी. १९२३ साली मिळवली आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ साली. शिवाय बॅरिस्टर होतेच. ज्या समाजाच्या मुलांना वर्गात वेगळं बसवलं जाई, पाण्याच्या भांड्याला हात लावू दिला जात नसे, त्या समाजातल्या माणसाच्या नावाआधी हे अक्षर लागलं. जन्मानं मिळणारी बिरुदं ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या नाकारली गेली, त्यांच्यासाठी शिकून मिळवलेलं अक्षर ही शोभेची गोष्ट नव्हती. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, आणि त्या नावाची सुरुवातच ‘डॉ.’नं होते. त्यासाठी लोकांनी किती वर्षं झगडावं लागलं आणि काय सोसलं, हे आपल्याला ठाऊक आहे.

बायकांच्या वाट्याला हे अक्षर कसं आलं? इटालियनमध्ये ‘दोत्तोरे’चं स्त्रीलिंग ‘दोत्तोरेस्सा’, त्याचं वेगळं लघुरूप आहे. स्पॅनिशमध्ये ‘डी-आर’च्या पुढे ‘ए’ लागतो, कॅनडातल्या फ्रेंचमध्ये ‘ई’. मराठीत ‘डॉ.’ दोघांना एकच. ऐकायला हे बरोबरीचं वाटतं. पण आपल्या पत्रिका आणि पाट्या बघा. ‘डॉ. सौ.’ आणि ‘प्रा. कु.’ असं कितीदा तरी दिसतं. बाईनं पदवी मिळवली तरी तिचं लग्न झालंय की नाही हे सांगणारं दुसरं अक्षर जोडल्याशिवाय आपलं समाधान होत नसे. पुरुषाच्या नावाआधी ‘डॉ. चि.’ असं लिहिलेलं कुणी पाहिलंय का?

आनंदीबाई जोशी यांना फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून मार्च १८८६ मध्ये एम.डी. मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात त्यांची नेमणूक झाली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये त्या गेल्या. ते अक्षर त्यांना वर्षभरही लाभलं नाही. रखमाबाईंनी आधी बालविवाहाविरुद्ध कोर्टात झुंज दिली, मग लंडनला जाऊन वैद्यक शिकल्या आणि सुरत, राजकोट इथं दीर्घकाळ स्त्रियांवर उपचार केले. या दोघींच्या नावाआधी आपण ‘डॉ.’ लिहितो तेव्हा ते टिंब बरंच काही झाकतं.

आता त्या चेक पाटीकडे परत येऊ. मान मिळतो तिथं नक्कल येते. आपल्याकडे १९१२ साली मुंबई इलाख्यात वैद्यक व्यावसायिकांच्या नोंदणीचा कायदा झाला. १९१६ साली इंडियन मेडिकल डिग्रीज ॲक्ट आला. पदवी नसताना ती असल्याचं भासवणारं नाव किंवा अक्षरं लावणाऱ्याला त्यात २५० रुपयांपर्यंत दंड होता, पुन्हा सापडला तर ५०० रुपयांपर्यंत. त्या काळी ही रक्कम लहान नव्हती. म्हणजे खोटी अक्षरं ही आजची तक्रार नाही. ती शंभर वर्षांहून जुनी आहे.

आणि ती फक्त गरीब देशांची नाही. जर्मनीचे संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सू गुटेनबर्ग यांच्या प्रबंधातला मजकूर उचललेला निघाला. २०११ साली ‘डॉ.’ही गेलं आणि मंत्रिपदही. दोन वर्षांनी तिथल्या शिक्षणमंत्री ॲनेटे शावान यांच्यावर तीच वेळ आली. तिथं निदान मंत्र्याची खुर्ची गेली. आपल्याकडे जीव जातो. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयानं मुंबईतल्या एका प्रकरणाचा निकाल दिला. होमिओपॅथीची पदविका असलेल्या व्यक्तीनं ॲलोपॅथीची औषधं दिली होती आणि रुग्ण दगावला होता. ज्या पद्धतीचं शिक्षण नाही ती वापरणं हाच निष्काळजीपणा, असं न्यायालयानं ठरवलं आणि कुटुंबाला ३ लाख रुपये भरपाई द्यायला सांगितलं. पाटीवरच्या एका अक्षरावर भरवसा ठेवण्याची ती किंमत होती.

या गोंधळावर चेक पद्धतीचा उपाय आपल्याकडेही सुचवला गेला. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं ऑगस्ट २०२३ मध्ये जे नियम काढले, त्यांत आधुनिक वैद्यकाच्या नोंदणीकृत डॉक्टरांनी ‘मेड. डॉ.’ असं लावावं अशी तरतूद होती. त्याच महिन्यात ते नियम स्थगित झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये फिजिओथेरपिस्टनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयानं काढलं आणि लगेचच मागे घेतलं. वाद साधा नाही. आयुर्वेद, होमिओपॅथी, दंतवैद्यक, फिजिओथेरपी या सगळ्यांचे लोक वर्षानुवर्षं शिकतात, नोंदणी करतात. त्यांचा अभिमान खोटा नाही. पण पाटी अभिमानासाठी असते की रोग्यासाठी, हा प्रश्न उरतो. तापलेलं मूल कडेवर घेऊन आलेल्या आईला त्या दोन अक्षरांतून काय कळायला हवं, याचं उत्तर ‘कुणाला मान’ या वादात हरवतं.

त्यावर एक उपाय आपल्या हातात आहे. ‘डॉ.’ हे नावाआधी असतं. खरी माहिती नावामागे असते. पाटी उजवीकडून वाचायची सवय लावावी. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ सालचे नियम सांगतात, की दवाखान्यात आणि चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक हवा, आणि नावामागे मान्यताप्राप्त पदव्याच लावाव्यात. हा क्रमांक महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे पडताळून पाहता येतो. आयुर्वेदासाठी आणि होमिओपॅथीसाठी स्वतंत्र परिषदा आहेत. पदवी कुठली, हे विचारण्यात उद्धटपणा नाही. जो खरोखर शिकलेला आहे त्याला सांगताना आनंदच होतो.

आणि एक गोष्ट. ही सगळी लघुरूपं मोजल्यावर ज्यांना लघुरूप नाही त्यांच्याकडेही पाहावं. डॉक्टर या शब्दाचा मूळ अर्थ शिकवणारा. पण ज्यांनी आपल्याला पाटीवर पहिलं अक्षर गिरवायला शिकवलं, त्या शाळेतल्या गुरुजींच्या आणि बाईंच्या नावाआधी कुठलंच अक्षर लागत नाही. ‘मा.’ म्हटलं तर ते माननीय होतं आणि पुढाऱ्याकडे जातं. रात्रभर रोग्याच्या उशाशी जागणाऱ्या सिस्टरला नाही, पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणं करणाऱ्या सुईणीला नाही, गावात रक्तदाब मोजत फिरणाऱ्या आशाताईला नाही. त्यांची नावं पूर्णच लिहावी लागतात, म्हणून बहुतेक वेळा लिहिलीच जात नाहीत.